जर-तरच्या गोष्टी



मागच्या अंकात आम्ही गुडघेदुखी आणि जिने यांविषयी लिहिले होते. या खेपेचा विषय औषधाचा नाही आणि पथ्याचाही नाही. विषय आहे संगणकाचा. "अगबाई, या वयात संगणक!" असे म्हणून पान उलटू नका. हे सदर जसे आजी-आजोबांचे तसेच नातवंडांचेही आहे, आणि आज दोघांनी एकाच टेबलाशी बसून ते वाचावे अशी आमची विनंती आहे. नातवंडांना देवनागरी येत नसेल तर आजीने मोठ्याने वाचावे. आजीला टाइप करता येत नसेल तर नातवाने करावे. फिट्टंफाट!

आपल्याकडे कोणी नुसत्या कल्पना करत बसला की वडीलधारी माणसे म्हणायची, "जर-तरच्या गोष्टी पुरे झाल्या, कामाला लागा." आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, ही म्हणही त्यातलीच. माणसांच्या जगात जर-तरला फारशी किंमत नाही. पण संगणकाचे सगळे शहाणपण या दोन शब्दांत आहे. एखादी गोष्ट खरी आहे की खोटी एवढेच तो तपासतो, आणि त्याप्रमाणे या वाटेने किंवा त्या वाटेने जातो. आत्याबाईची म्हणसुद्धा संगणकाला सांगता येईल. मात्र मिशा नसतील तर तो गप्पच बसेल, कारण तेव्हा काय म्हणायचे ते म्हणीत सांगितलेलेच नाही!

आता लहानपणचा खेळ आठवा. मुठीत चिंचोके घ्यायचे आणि समोरच्याला विचारायचे, "एकी का बेकी?" मूठ उघडली की दोन-दोनच्या जोड्या लावायच्या. जर काही उरले नाही तर बेकी, नाही तर एकी. झाला की नाही संगणकाचा कार्यक्रम? मुलांनो, तुमचा सेविवोनही असाच आहे. नून पडला तर काही नाही, गिमेल पडला तर सगळे घ्या, हे पडला तर अर्धे घ्या आणि पे पडला तर एक टाका. चार 'जर' आणि चार 'तर'. तुम्ही हे खेळत होता तेव्हाच जर-तर शिकत होता, फक्त कोणी सांगितले नव्हते.

तर आज आपण संगणकाला एक खेळ शिकवू या. संगणकाने १ ते १०० मधला एक आकडा मनात धरायचा आणि आपण तो ओळखायचा. प्रत्येक अंदाजाला त्याने सांगायचे की वर चढा, खाली उतरा किंवा सापडला.

संगणकाला सूचना द्यायला एक भाषा लागते. आम्ही पायथॉन ही भाषा निवडली, कारण ती फुकट मिळते आणि जगभर शाळांतून शिकवली जाते. गुइडो व्हान रॉसुम नावाच्या एका डच माणसाने ती १९९१ साली लोकांपुढे आणली. नाव ऐकून घाबरू नका, तिचा अजगराशी संबंध नाही. ब्रिटिश टेलिव्हिजनवर माँटी पायथॉन नावाची एक विनोदी मालिका होती, तिच्यावरून त्याने हे नाव ठेवले.

पण टाइप करण्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि आपल्या मराठीत सूचना लिहा. आम्ही अशा लिहिल्या:

१. १ ते १०० मधला एक आकडा मनात धर. तो 'गुप्त' नावाच्या डब्यात ठेव.
२. खेळणाऱ्याला विचार, "तुझा अंदाज काय?" जे उत्तर येईल ते 'अंदाज' नावाच्या डब्यात ठेव.
३. जर अंदाज गुप्तपेक्षा लहान असेल, तर लिही: "वर चढ!"
४. नाही तर, जर अंदाज गुप्तपेक्षा मोठा असेल, तर लिही: "खाली उतर!"
५. नाही तर लिही: "शाबास, सापडला!" आणि खेळ संपव.
६. खेळ संपला नसेल तर पुन्हा दुसऱ्या पायरीवर जा.

बस्स, एवढाच खेळ. आता नातवंडांचे काम. या सहा ओळी पायथॉनच्या शब्दांत बसवायच्या. 'जर'ला पायथॉन 'इफ' म्हणतो, 'नाही तर, जर'ला 'एलिफ' म्हणतो आणि नुसत्या 'नाही तर'ला 'एल्स'. हिब्रूत 'इम' आणि 'अहेरेत' म्हणता ना, तेच. पुन्हा पुन्हा करण्यासाठी 'व्हाइल', विचारण्यासाठी 'इनपुट' आणि लिहिण्यासाठी 'प्रिंट'. मनात आकडा धरायला पहिल्या ओळीत 'इम्पोर्ट रँडम' लिहावे लागते, मग 'रँडिंट' हा शब्द १ आणि १०० दोन्ही धरून कुठलाही आकडा काढून देतो. हे शब्द इंग्रजी अक्षरांत आणि डावीकडून उजवीकडे लिहायचे. पण डब्यांची नावे आणि "वर चढ!" सारखी वाक्ये खुशाल देवनागरीत लिहा, आजचा पायथॉन ती बिनतक्रार घेतो.

दोन बारीक गोष्टी सांगून ठेवतो. बरोबरचे एक चिन्ह म्हणजे 'डब्यात ठेव' आणि दोन चिन्हे जोडून म्हणजे 'सारखे आहे का?' असा प्रश्न. आणि इफ, एलिफ, एल्स यांच्या ओळीच्या शेवटी विसर्गासारखे दोन ठिपके द्यायचे, खालची ओळ चार जागा आत सरकवायची. शाळेत निबंध लिहिताना परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायला बाई सांगत, तसे. आत सरकलेली ओळ वरच्या 'जर'च्या पदराखाली आहे, हे त्यावरूनच संगणकाला कळते.

आता खरी मजा आहे ती कुठे अडते त्यात.

पहिली अडचण अशी. आपण ५० टाइप केले की आपल्याला तो आकडा वाटतो, पण पायथॉनला ती फक्त पाच आणि शून्य अशी दोन अक्षरे दिसतात. अक्षरे आणि आकडा यांची तुलना करायला सांगितली की तो हात वर करतो. आणि दोन्हीकडे अक्षरेच असली तर आणखी गंमत. तो शब्दकोशाप्रमाणे पहिले अक्षर आधी बघतो, आणि ९ हा १ च्या नंतर येतो म्हणून ९ हे १० पेक्षा मोठे, असे बेधडक सांगतो! त्यासाठी आलेल्या उत्तरावर 'इंट' हा शब्द चढवायचा, म्हणजे अक्षरांचा आकडा होतो. आमच्या नातीने सहज म्हणून मराठी अंकांत ६९ टाइप केले तर पायथॉनने तेही निमूटपणे घेतले. "सफ्ता, त्याला मराठी येतं!" म्हणून ती ओरडली. मराठी येत नाही हो त्याला, पण देवनागरी अंक येतात. तेवढे आमच्या सगळ्या नातवंडांना आले तरी आम्ही पेढे वाटू.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची. तिच्यासाठी आम्हाला आमच्या धंद्याकडे वळावे लागेल.

समजा, खेळ संपल्यावर संगणकाने शेरा द्यावा असे मुलांना वाटले. तर ती लिहितात: जर ७ किंवा कमी अंदाजांत सापडला, तर "शाबास". नाही तर, जर ३ किंवा कमी अंदाजांत सापडला, तर "कमाल केलीस". नाही तर "पुन्हा खेळ". वाचायला ठीक वाटते. पण "कमाल केलीस" हे शब्द या जन्मी पडद्यावर येणार नाहीत. कोणी दोन अंदाजांत आकडा ओळखला, तरी २ हे ७ पेक्षा कमीच आहेत. पहिला 'जर' खरा ठरला, संगणकाने "शाबास" लिहिले आणि तो पुढे निघून गेला. दुसरा 'जर' त्याने वाचलाच नाही.

आता हेच इस्पितळात बघा. रात्रपाळीच्या टेबलावर समजा एक कागद आहे. ताप ३८ च्या वर गेला तर गोळी द्या. ताप ४० च्या वर गेला तर डॉक्टरांना उठवा. (हे फक्त उदाहरण आहे, घरी औषधासाठी वापरू नका. आणि भारतात फॅरनहाइटवर शिकलेल्यांसाठी सांगतो, ३८ म्हणजे १००.४ आणि ४० म्हणजे १०४.) नर्स हा कागद पूर्ण वाचते. रोग्याचा ताप साडेचाळीस असला तर ती दोन्ही ओळी डोक्यात धरते आणि आधी डॉक्टरांना हाक मारते. तोच कागद 'जर' आणि 'नाही तर, जर' असा यंत्राला दिला तर काय होईल? साडेचाळीस हे ३८ च्या वर आहेत. गोळी दिली, काम संपले. डॉक्टर झोपलेलेच राहतील.

कागद तोच आणि आकडेही तेच, पण माणसाकडे समज असते आणि यंत्राकडे फक्त क्रम असतो. म्हणून जे सर्वांत गंभीर ते सर्वांत आधी लिहायचे. आधी ४०, मग ३८. आधी ३ अंदाज, मग ७. आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षीच घोकून घेतले होते की अत्यवस्थ रोगी आला तर आधी श्वासमार्ग मोकळा आहे का ते बघा, मग श्वास, मग रक्ताभिसरण. खरचटलेला गुडघा त्यानंतर. संगणकाचे नाव तेव्हा आमच्या वर्गात कोणी काढले नव्हते, पण जर-तरचा क्रम आम्ही तिथे शिकलो.

बाळांनो, हे तुम्हाला सांगायचे कारण आहे. आज इस्पितळात रोग्याच्या बोटाला चिमटा लावतात आणि रक्तातला प्राणवायू पडद्यावर दिसतो. तो ठरावीक आकड्याच्या खाली गेला तर घंटा वाजते. ती घंटासुद्धा एक 'जर' आहे. तो आकडा यंत्राने ठरवलेला नाही. कोणीतरी माणसाने बसून ठरवला आणि कोणीतरी लिहिला. आज तुम्ही आकडा ओळखण्याचा खेळ लिहिता, उद्या तुमच्यातला कोणी ती घंटा लिहील. तेव्हा ओळींचा क्रम नीट लावा.

तिसरी अडचण 'नाही तर'ची. आपल्या खेळात कोणी अंकांऐवजी 'पन्नास' असा शब्द टाइप केला तर? 'इंट'ला त्याचा आकडा करता येत नाही. खेळ इंग्रजीत तक्रार लिहून तिथेच बंद पडतो. कोणी ५०० टाइप केले तर खेळ चालतो खरा, पण "खाली उतर" म्हणण्याऐवजी "अरे, शंभराच्या आतला सांग!" म्हटले असते तर बरे झाले असते. म्हणून सगळ्यांत आधी विचारावे की आलेले उत्तर अंकांचे आहे का आणि १ ते १०० च्या आत आहे का. नसेल तर पुन्हा विचार, रागावू नकोस.

आजी-आजोबांनो, हे वाचून तुम्हाला टेलिफोन आठवला असेल. एखाद्या कचेरीला फोन लावावा तर यंत्र बोलते. हिब्रूसाठी १ दाबा, अमक्यासाठी २ दाबा. आपले काम त्या कुठल्याच आकड्यात बसत नाही. काही दाबले नाही तर ते पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागते, आणि तिसऱ्यांदा फोन बंद होतो. आपल्याला वाटते आपण म्हातारे झालो, आपल्याला काही समजत नाही. तसे नाही हो! तिथे बसून ज्याने तो कार्यक्रम लिहिला, त्याने आपल्यासारख्यांसाठी 'नाही तर' लिहिले नाही. 'नाही तर माणसाशी जोडून दे', एवढी एक ओळ पुरली असती. नातवंडांना हे जरूर सांगा. चांगला कार्यक्रम कुठला हे बघायचे तर ज्यांचे उत्तर आपल्या यादीत नाही त्यांचे तो काय करतो ते बघावे.

आता खेळ जिंकायचा कसा ते. मुले आकडे उगाच फेकतात, ७, मग ९०, मग २३. त्यापेक्षा दर वेळी उरलेल्याच्या मधोमध वार करावा. समजा, गुप्त आकडा आहे बहात्तर. (नर्सला बहात्तर म्हटले की बहात्तर रोगच आठवायचे!) पहिला अंदाज ५०. "वर चढ." उरले ५१ ते १००. दुसरा ७५. "खाली उतर." उरले ५१ ते ७४. तिसरा ६२, वर. चौथा ६८, वर. पाचवा ७१, वर. सहावा ७३, खाली. आता ७२ शिवाय काही उरलेच नाही. सातव्या अंदाजाला सापडला. आणि हा जास्तीत जास्त झाला. १ ते १०० मधला कुठलाही आकडा असा मधोमध कापत गेले तर सातांच्या आत सापडतोच. हजारापर्यंतचा आकडा असेल तर दहा अंदाज पुरतात, आणि दहा लाखांपर्यंतचा असेल तर फक्त वीस! दर अंदाजाला निम्मे आकडे गळून पडतात, म्हणून हे होते. जाडजूड शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधोमध पान उघडतो आणि मग पुढे-मागे जातो, तीच ही युक्ती.

शेवटी खेळायचे कसे ते सांगतो, कारण आमच्या मते ते सर्वांत महत्त्वाचे आहे. आजीने टेबलापासून दूर खुर्चीत बसावे. आजीने अंदाज मराठीत सांगायचा आणि नातवाने तो ऐकून टाइप करायचा. आजीने पडद्याकडे बघायचे नाही आणि नातवाने हिब्रूत विचारायचे नाही. "वर चढ", "खाली उतर" हे नातवाने मोठ्याने वाचून दाखवायचे. आजी म्हणेल "एकोणसत्तर". नातवाला त्यात 'सत्तर' ऐकू येईल आणि तो ७० च्या पुढचे काहीतरी दाबायला जाईल. तेव्हा त्याला समजावून सांगा की हिब्रूत साठ आणि नऊ म्हणतात, आपण मात्र सत्तराला एक कमी असे म्हणतो. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, सगळे तसेच. मग मात्र नव्याण्णव, त्याचा कायदा वेगळा. एकोणनव्वदलाच कोणी नव्याऐंशी म्हणतो, त्यावर आजी-आजोबांचे भांडण होईल. होऊ द्या, मुलांना तेवढीच मराठी कानावर पडेल.

आमच्या इमारतीतली किती तरी नातवंडे 'कशी आहेस' आणि 'जेवलीस का' एवढे मराठी बोलतात, पण वीसच्या पुढचे आकडे मराठीत मोजणारे फारच थोडे. आपल्या पिढीने आकडे पाढ्यांतून आणि बाजारातून शिकले. इथे पाढे हिब्रूत आहेत आणि बाजारही हिब्रूत. निदान एका खेळात तरी मराठी आल्यावाचून जिंकता येऊ नये, असे आम्हाला वाटते. आणि आजी-आजोबांचाही फायदा आहेच. संगणकाचा धाक जातो. यंत्राच्या आत कोणी जादूगार बसलेला नाही, कोणीतरी लिहिलेले जर-तर आहे, हे एकदा कळले की बटण दाबताना हात कापत नाही.

आता गृहपाठ. खेळ उलटा करा. आकडा नातवाने मनात धरायचा आणि संगणकाने ओळखायचा. संगणकाला दोन डबे द्या, एक खालच्या हद्दीचा आणि एक वरच्या हद्दीचा. दर वेळी त्याने मधला आकडा विचारायचा आणि आलेल्या उत्तराप्रमाणे एक हद्द सरकवायची. हे जमले की एक कोडे सोडवा. नातवाने मध्येच खोटे उत्तर दिले आणि संगणकाला आकडा सापडेनासा झाला, तर लबाडी झाली हे त्याला कुठल्या 'जर'ने कळेल? दोन्ही डब्यांकडे नीट बघा, उत्तर तिथेच आहे.

उत्तर पुढच्या अंकात. तोपर्यंत पाणी भरपूर प्या, जिने सावकाश चढा आणि जर नातवंडे घरी आली, तर टीव्ही बंद करा. शालोम.